विमानाच्या शेपटीचा हार

माझा स्वभाव संशयी, हे सासरी अकोल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आमचा फुलांचा मळा. गिऱ्हाईक जरा जास्त गोड बोललं, की मी त्याच्या तोंडाऐवजी त्याच्या हातांकडं बघायची.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, आणि विमान जवळून पाहिलेलं माणूस आमच्या आळीत एकही नव्हतं. एका चैत्रात कापसाच्या जिनिंगच्या मालकांकडं एक तरुण वैमानिक पाहुणा म्हणून आला. आमच्या मळ्यालगतच्या माळावर त्यानं आपलं छोटं विमान उतरवलं. निघायच्या दिवशी मालकांनी विमानाच्या पूजेसाठी गलांड्याचा मोठा हार सांगितला.

आमच्याकडं हार केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवतात. जरा ओढला की तुटतो. मी मात्र तो अंबाडीच्या सुतळीत ओवला. वाऱ्यात तुटला तर नाव आमचंच जाईल, एवढाच विचार होता. सासूबाईंना सांगायच्या भानगडीत पडले नाही.

पूजा झाली, नारळ फुटला. बाळापूरच्या बाजूला आभाळ काळंकुट्ट झालं होतं आणि वारं यायच्या आत निघू म्हणून वैमानिक घाई करत होता. पंख्यावरचा हार काढून त्यानं माझ्या सासऱ्यांच्या हातात दिला. पण पूजेत वाहिलेला हार आम्ही हातानं काढत नाही. तो वाळून आपोआप गळावा लागतो. कुणाचं लक्ष नाही असं बघून मामंजींनी तो शेपटीला बांधून टाकला. मी पाहिलं आणि गप्प बसले.

विमान धावलं, वर उठलं, तेवढ्यात धुळीचा लोट आला. शेपटीला हिसका बसल्यासारखं झालं, विमान कलंडलं आणि कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या वावरात पडून पेटलं. वैमानिक जागीच गेला. ते वाऱ्यानं की हारानं, मला आजही सांगता येत नाही.

शेपटीला हार कुणी बांधला, ही चुगली पोलिसांपर्यंत पोचलीच. मी चारपाच शेजाऱ्यांवर संशय घेतला, तो अजून गेलेला नाही. फौजदार मामंजींना न्यायला आला, तेव्हा सासूबाई पुढं झाल्या.

"आमचा हार काय इमान पाडीन, सायेब? हा घ्या, वढून पाहा."

टोपलीतला सोपटाच्या धाग्याचा हार फौजदाराच्या दोन बोटांत तुटला. तो हसला आणि निघून गेला. त्या संध्याकाळी सासूबाईंनी सुतळीचा उरलेला गुंडा मला काही न विचारता चुलीत टाकला.

पंधरा दिवसांनी एक म्हातारा बांधावर आला. अमरावतीहून आलो, जो मेला त्या पोराचा मी बाप, म्हणाला. डोळे अगदी कोरडे. माझ्या मनात आलं, कसला बाप, फौजदारानंच पाठवलेला असणार हा.

"बाई, तुमी तिथंच होत्या म्हनतात. लोकं हाराचं काय सांगून राहिले?"

"हार तं आधीच तुटून पडला होता, बाबा."

"मंग वाऱ्यानंच?"

"वाऱ्यानंच."

त्यानं आभाळाकडं पाहिलं. "वारं येऊन राहिलं हे दिसत होतं त्याले. तरी उडाला. मंग त्याचीच चूक."

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मामंजी विहिरीपाशी पाठ करून उभे होते.

"हो, बाबा," मी म्हटलं. "त्याचीच."

त्यानं मान हलवली आणि पऱ्हाटीच्या वावरात गेला. जळालेल्या जागेपाशी जोडे काढून बसला, तो दिवस कलला तरी उठेना. पोलिसांचा माणूस असा बसत नाही, हे मला कळलं. तेव्हाच उठून त्याच्याकडं जायला हवं होतं. मी खाली मान घालून गलांडा तोडत राहिले.