त्याला त्याचं दार होतं

कुत्रा माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नंतरच्या काळात लोक माझ्याशी बोलताना त्याला "तुमचा कुत्रा" म्हणायचे आणि मीही ते ऐकून घ्यायचे. मला ते आवडायचं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सूर्यमाळच्या एका पाड्यावर मी शाळेत शिकवत होते. माझ्या खोलीसमोर, अंगणाच्या पलीकडे त्याचं घर होतं. त्या घरची माणसं दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडाशी परतायची. अर्धा पाडाच जायचा. मागे उरायचे म्हातारे, हजेरीपटावरची उरलीसुरली पोरं आणि कुत्री.

पहिल्या वर्षी मी पाहिलं, माणसं जीपमध्ये बसली, कुत्रा मागे धावला आणि घरधन्यानं खाली उतरून त्याच्यावर दगड भिरकावला. मी नवी होते, शहाणी होते. पावसाळ्यात तो परत आला तेव्हा मी त्याला चांगलं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, दगड नाय मारला तर मोखाड्यापर्यंत येल. तिथं हरवंल. घरी राहिला तर जगंल." दगड तो नेम चुकवून मारतो, हे कळायला मला आणखी एक दिवाळी लागली.

कुत्रा घरी राहायचा म्हणजे खरोखर दारात राहायचा. कुलूप लावलेल्या दाराच्या उंबऱ्याला पाठ लावून. मी भाकरी माझ्या ओट्यावर ठेवली की तो नुसता बघायचा. ताटली घेऊन अंगण ओलांडून त्याच्या दारात ठेवली की खायचा. मला राग यायचा. दिवसभर वर्गात ओरडून आल्यावर वर याचे नखरे कोण पुरवणार? पण पुरवले, आणि तीन वर्षं पुरवले.

त्या तीन वर्षांत तो म्हातारा झाला. आधी दात गेले. मग मी नागलीची भाकरी पेजेत कुस्करून द्यायला लागले. मग एका डोळ्यावर सारा आला, पांढरा पडदा, मग दुसऱ्यावर. गोचीड काढता काढता माझी बोटं रॉकेलनं पांढरी पडायची. एकदा कानात किडे झाले तेव्हा मोखाड्याच्या गुरांच्या दवाखान्यातून मी पावडर आणली. तिथला माणूस हसला. "गावठी कुत्र्यासाठी एवढी पायपीट, बाई?" मी त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाही. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी बसून वाटीनं पाणी खरवडायचं, त्यात दोन हंडे भरले तर नशीब. त्यातलं फुटक्या मडक्याच्या बुडाएवढं त्याचं. डोकं धुणं मी पंधरवड्यावर नेलं, पण त्याचं ते मडकं कोरडं ठेवलं नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो लपवायची अक्कल नव्हती.

त्याच्या शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर जीप आली तेव्हा कुत्रा उठलाच नाही. आवाज आला तिकडे त्यानं तोंड फिरवलं, एवढंच. घरधनी सवयीनं खाली उतरला होता, दगडही उचलला होता. तो थोडा वेळ हातात धरून उभा राहिला आणि मग त्यानं तो हळूच खाली ठेवला.

"आम्ही येईपर्यंत टिकंल का, बाई?"

"टिकेल. माझ्यावर सोपवा."

असं मी म्हणाले. दुसऱ्याच्या जनावराच्या आयुष्याची हमी दिली.

चैत्रापर्यंत त्याचे मागचे पाय गेले. मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी पेचात पडले. विहीर आटली होती, टँकरचा भरवसा नव्हता. मी जव्हारला आईकडे गेले तर याला पाणी कोण देणार? शेजारी एक म्हातारबाबा राहायचे, भट्टीवर न जाणारे. ते म्हणाले, "राहू द्या बाई. माझ्या लोट्यातला देईन त्याला. त्याला त्याचा दार हाय, तिथून नका नेऊ." मी मनात म्हटलं, तुम्हालाच उठायला दोन माणसं लागतात, तुम्ही काय बघणार? तोंडानं म्हटलं, "मला कळतं, बाबा."

गोणपाटात गुंडाळून मी त्याला जीपनं जव्हारला नेलं. वाटेत तो ओरडला नाही. माझ्या मांडीवर थरथरत राहिला, आणि मला वाटलं, थंडी वाजतेय.

आईनं घरात घेऊ दिलं नाही. परसात पाण्याच्या टाकीजवळ त्याची सोय केली. तिथं भरपूर पाणी होतं, सावली होती, दूधभात होता. त्यानं कशालाही तोंड लावलं नाही. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत तो परसाच्या दाराकडे जायचा. मी उचलून परत आणायचे, तो परत जायचा. पोटाखालची कातडी सोलून निघाली. रस्त्यावर गेला तर एखाद्या गाडीखाली येईल म्हणून मी दाराला कडी लावली. आई म्हणाली, "अगं, त्याला जायचंय तर सोड त्याच्या घरी." मी म्हटलं, उद्या बघू. मला परत तो सगळा घाट चढायचा कंटाळा आला होता, हे आज लिहिते. तेव्हा मी त्या कंटाळ्याला कुत्र्याची काळजी म्हणत होते.

पाचव्या दिवशी सकाळी तो दाराशी मेलेला सापडला. दाराखालच्या फटीत नाक खुपसलेलं होतं. ते बाहेर काढताना मी रडले, आणि माझ्या रडण्याचाच मला संताप आला. नगरपालिकेची कचऱ्याची गाडी आली, तीत त्याला देऊन टाकलं. परसात पुरायला आई तयार नव्हती.

शाळा उघडली तेव्हा घरधनी परतला होता. दार उघडं होतं. त्यानं अंगणातूनच विचारलं, "दारातच गेला का, बाई?"

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणाले, "हो, तुमच्याच दारात. मी सुट्टीला जायच्या आधी."

"कुठं पुरला?"

कुंपणाजवळच्या मोहाच्या झाडाखालची जागा मी बोटानं दाखवली. म्हातारबाबा शेजारच्या ओटीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना कमी ऐकू येतं अशी मी माझी समजूत घातली.

संध्याकाळी घरधन्यानं मोहाखाली एक मोठा दगड आणून ठेवला. पुढे माझी बदली होईपर्यंत शाळेत जाता-येता मी त्या दगडाजवळून गेले. पावसात त्यावर शेवाळ धरलं. दिवाळीनंतर भट्टीवर जाताना घरधनी त्यावर हात ठेवून जायचा, आणि मी खोलीत काहीतरी काम काढून बसायचे.

बदलीच्या दिवशी माझं सामान उचलायला तोच आला. ट्रंक खांद्यावर घेता घेता म्हणाला, "बाई, जव्हारला त्याला कुठं ठेवलेला?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला माहीत होतं?"

"बाबांनी त्याच दिवशी सांगितला."

"मग तो दगड?"

"तुम्ही जागा दाखवली. मग काय, मोकळी ठेवायची?" त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "मरताना तोंड कुठं होता त्याचा?"

या वेळी मी खोटं बोलले नाही. "दाराकडे. मी कडी लावली होती."

त्यानं खांद्यावरची ट्रंक सावरली.

"म्हंजे यायला निघालेला," तो म्हणाला आणि माझी ट्रंक जीपच्या टपावर चढवायला वळला.