बैठकवाले साहेब

इकडं ये बाळ, जवळ बस. हे वाचतानाही उभीच असशील तू. मागं आलीस तर वडिलांची खोली उंबऱ्यातूनच पाहिलीस आणि चहासुद्धा न घेता निघालीस. असं करतात होय?

तुझ्या वडिलांना सगळं परतूर 'बैठकवाले साहेब' म्हणायचं. जिल्ह्यात विजेवरच्या गाड्या वाढवायच्या, त्यांच्यासाठी चार्जिंगच्या जागा करायच्या आणि त्यापायी सगळ्या सरकारी खात्यांना एकत्र आणायचं, हे त्यांचं काम. दोन वर्षं माझ्याकडं भाड्यानं राहिले, पण फोनवर काम सांगताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. माणूस समोर बसवायचे. म्हणायचे, "मावशी, कागद कागदाशी बोलत नाहीत."

आमची शेजारीण शोभा, एकटी बाई, पदरात दोन लेकरं. तिनं साहेबांच्या शब्दावर विजेवरची रिक्षा घेतली. स्टेशनजवळ चार्जिंग होईस्तोवर माझ्या खिडकीतून वायर ओढायची. फ्यूज उडाला की चार्जिंग अर्धवट, आणि रिक्षा अर्ध्या रस्त्यात बंद! बाकीचे रिक्षावाले चिडवायचे, "काय शोभाक्का, गाडी उपाशी हाये का?"

"गाडी उपाशी हाये, तू तर जेवला ना? मंग ढकल!"

साहेब मात्र हसायचे नाहीत. शोभा रिक्षा विकायला निघाली तेव्हा हात जोडून म्हणाले, "उन्हाळ्याच्या आत करतो. तोवर विकू नका."

वीजवाले म्हणत, आधी जागेचं पत्र आणा. नगरपरिषदवाले म्हणत, आधी विजेची मंजुरी आणा. साहेबांनी दोघांनाही माझ्या शेतात हुरड्याला बोलावलं. आगटी पेटली तसं वीजवाल्यांनी सुरू केलं, "पत्राशिवाय आमचं..."

मी म्हटलं, "आधी हुरडा. मंग पत्र."

गरम कणसं चोळताना कोण कचेरीचा रुबाब ठेवणार? उठायच्या आत दोन्ही कागदांवर सह्या झाल्या, आणि सह्यांशेजारी राखेचे अंगठे. "अशी फाईल मंत्रालयातही नसेल," साहेब म्हणाले.

स्टेशनजवळ चार्जिंगचं मशीन आलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं उभं राहिलं. मीटरचं एक पत्र तेवढं बाकी होतं. तेही त्यांनी नगरपरिषदेतून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज कचेरीत द्यायला निघाले. एक बूट घातला. दुसरा हातातच राहिला, बाळ. पुढचं तुला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी ते हुरड्याचे दोघं कचेरीवाले सांत्वनाला आले. चटईवर बसले, पाणी प्याले. मग वीजवाल्यांनी हळूच विचारलं, "मीटरच्या पत्राचं काय झालं हो?"

"दिलं की साहेबांकडं," नगरपरिषदवाले म्हणाले.

दोघांचीही नजर त्यांच्या खोलीकडं गेली. मी आत गेले, तुझ्या वडिलांची पिशवी उघडली आणि पत्र आणून वीजवाल्यांच्या हातात दिलं.

आठवड्यात वीज आली. शोभानं वायर लावली, हिरवा दिवा लागला, तशी ती पळत सांगायला आली. मी भाकरी थापत होते. थापतच राहिले. आनंद नाही, रडू नाही. अजून तसंच आहे. बाया म्हणतात, मावशी, एकदा रडून घ्या. रडू काय मागून मिळतं?

खोली तशीच आहे. चष्मा आहे, चार सदरे आहेत. माझ्यानं आवरवत नाही. तू लवकर ये, दोन दिवस राहायच्या बेतानं ये. स्टेशनबाहेर शोभा असते, तिच्याच रिक्षात बस.