शेजारणीला विकलेली साती

आमच्या गावात साती नावाची ही एकच बाई. साती म्हणजे आमच्या बोलीत विकलेली. शहरातून आलेल्या नव्या सुना हे नाव ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या. हसणाऱ्यांचं काय जातं?

सातीची आई झोहरे, तिची आधीची तीन मुलं चालायला लागायच्या आत गेली. चौथी पोर झाली तेव्हा म्हाताऱ्या बायांनी अशा घरात सांगतात तेच सांगितलं, ही विकून टाक. झोहरेने पोर खिडकीतून शेजारच्या ह्युरूच्या हातात दिली आणि बदल्यात दह्याचं मडकं घेतलं. ह्युरूने तीच पोर दारातून परत आणली. म्हणाली, "माझी लेक आहे, तू सांभाळ." प्राण न्यायला येणाऱ्या अज्राईलने झोहरेचं मूल शोधावं आणि हात हलवत परत जावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पोर जगली. बाकीच्या बाया असला व्यवहार वर्ष-दोन वर्षांत विसरतात, पण झोहरे कसली विसरतेय! साती तिच्याच हातचं जेवून वाढली आणि तिला मावशी म्हणत राहिली. आई म्हणायचं ते ह्युरूला. लग्नात सातीला निरोप देताना गळ्यात पडून रडली तीही ह्युरूच. झोहरे तिकडे कढईतला बुलगूर ढवळत बसली होती. सातीला ते फार लागलं, आणि पन्नाशी उलटली तरी लागतच होतं.

यंदा जर्दाळू वाळत घातले आणि झोहरेने अंथरूण धरलं. साती सासरहून धावत आली. दुपारी तरहानाचं कढण भरवता भरवता तिने विचारलंच.

"मावशी, एकदा मला लेक म्हण ना गं. आता कोण बघतंय?"

झोहरेने तोंड फिरवलं. "ह्युरू, तुझ्या पोरीला समजाव."

ह्युरू काठी टेकत पुढे आली. "मी परत दिली गं बाई! घे तुझी तुला. दहीसुद्धा नको मला."

"विकलेलं मी परत घेत नाही."

"मरायला टेकलीस, तरी हेका सुटत नाही तुझा!"

झोहरेने सातीचं मनगट घट्ट धरून तिला खाली ओढलं. "अगं वेडे, तो दारातच उभाय," ती कुजबुजली. "मला न्यायला आलाय. इतकी वर्षं फसवलं त्याला, आणि आता त्याच्यासमोर सांगू तू कुणाची ते?"

तिचे डोळे दारावर खिळले होते. स्वतःच्या मरणाचं तिला काही वाटत नव्हतं, पण भीतीने तिला धाप लागली होती.

साती काय करणार? भांडायचं तरी कुणाशी? तिने वाटी खाली ठेवली आणि दाराकडे तोंड केलं. ती मोठ्याने म्हणाली, "मी ह्युरूची मुलगी. शेजारची. मावशींना बघायला आलेय."

झोहरेने मनगट सोडलं.

"ऐकलंस ना?" ती दाराला म्हणाली.