न घेतलेलं नाव

पाळकबाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तुमचं एक काम अजून माझ्याकडे पडून आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मास्तरीणबाई, कारणं नकोत. झालं की नाही, तेवढं सांगा." नाही झालं. धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीने आता तुमच्यावर काही लिहून मागितलंय. त्यांना तुमचे गुण हवेत. मी तुमची चूक सांगणार आहे. गुण त्या चुकीतच आहेत. तोंडावरची स्तुती तुम्हाला कधी सोसली नाही, तेव्हा पुढचं ऐकू नका.

शलमोन उखर्डू तायडे मूळचे पहूरचे. त्यांच्या वडलांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आजीने वडलांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, त्यावरून उखर्डू. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनचे साहेब म्हणाले, हे घाणेरडं नाव लावू नकोस. तरुण शलमोन म्हणाला, "माझं बदला, बापाचं कशाला? उकिरड्यावरनं उचललेला माणूस म्हणजेच ख्रिस्ती की!"

१९०६ साली ते धुळ्याला आले. तेव्हा बाप्तिस्म्याला नवराबायको एकत्र नदीत उतरत, नवरा दोघांची उत्तरं देई, आणि बायको पदर सावरत त्याच्यामागून बुडी मारून बाहेर येई. तिला कोणी काही विचारत नसे. पाळकबाबांनी हे बंद केलं. सोनगीरचा झुलाल बायकोच्या वतीने "हो, हो" करायला लागला, तसे ते पाण्यातूनच गरजले, "झुलालभाऊ, तिच्या वाटचं जेवताही का तुम्ही? देवाने तिला हाक मारली तर हजेरी कोण देणार?"

तेव्हापासून नियम झाला: बाईने स्वतः उभं राहायचं, स्वतःच्या तोंडाने तारणाऱ्याचं नाव घ्यायचं. त्यांच्या टिपणवहीत एक वाक्य आहे: "पाणी पुरुषाला जास्त आणि स्त्रीला कमी भिजवीत नाही." पुरुषांना ते उघड सांगत, "घरी गेल्यावर हंडा तिच्याच डोक्यावर राहणार असेल, तर तुम्ही नुसती आंघोळ करून आलात." स्वतः विहिरीवरून पाणी भरत. गल्ली त्यांना बाईलबुद्ध्या म्हणे. "बुद्ध्या तरी म्हणतात," ते म्हणत.

१९३४ च्या माघात अनेर नदीच्या डोहावर सातजणांचा बाप्तिस्मा होता. सातवी भुरीबाई, सातपुड्याच्या पायथ्याच्या बोरपाणी गावची. वर्षभर दर रविवारी तीन कोस चालत ती नदीकाठच्या उपासनेला येई. नवरा आपल्या देवांना धरून होता, पण त्याने तिला अडवलं नव्हतं. तिथला प्रचारक पुना याने आदल्या दिवशी सांगितलं तसं पाळकबाबांनी रजिस्टरात तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव स्वहस्ते लिहिलं होतं.

भुरीबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. थंडीने ओठ निळे पडले होते.

"पापाचा पश्चात्ताप झालाय तुला?"

"शे, पाळकबाबा."

"तुझा तारणारा कोण?"

"मरियाबाईना आंडोर."

"मरियेचा मुलगा, बरोबर. त्याचं नाव सांग."

ती गप्प. पाळकबाबांनी पुन्हा विचारलं. तिने पदर ओठांवर धरला. काठावरच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"अगं, वर्षभर ऐकतेस ना? नाव विसरलीस?"

"नई इसरनू."

"मग घे की!"

"माले लेता येत नई," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

पाळकबाबांना वाटलं, पाण्यात उतरल्यावर हिला घरच्या देवांची भीती पडली. दबावाखाली बाप्तिस्मा देणं त्यांना पाप वाटे. ते हळू म्हणाले, "जा बाई. मनापासून नाव घ्यावंसं वाटेल तेव्हा ये." ओल्या लुगड्यानिशी ती तीन कोस चालत गेली. मी काठावरच होते. शाळेची मुख्याध्यापिका, बी.ए. झालेली. माझ्याही टाळक्यात उजेड पडला नाही.

चार दिवसांनी पाळकबाबा घरी रजिस्टर पुरं करत होते. सातवी ओळ खोडायला हात होईना, म्हणून त्यांनी ती मोठ्याने वाचली: "भुरीबाई, नवरा येसू सिंगा, राहणार बोरपाणी."

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई जोंधळे पाखडत होत्या. सूप थांबलं.

"नवऱ्याचं नाव काय म्हणालात?"

"येसू."

"आणि तुम्ही तिला भर नदीत, चार माणसांत सांगत होतात, येशूचं नाव घे म्हणून?"

पाळकबाबांनी टाक खाली ठेवला.

"अहो, तीस वर्षं संसार झाला. माझ्या तोंडून 'शलमोन' ऐकलंत कधी? बायबलात तुमचं नाव आलं की मी 'तो शहाणा राजा' म्हणते. तुम्हाला वाटत होतं, मला वाचता येत नाही."

"पुनाला माहीत होतं की नाव!"

"पुनाला बायको आहे, नवरा नाही," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. ज्या नियमाने बायकांना तोंड दिलं, त्यानेच या बाईचं तोंड बंद केलं होतं. तिने नवऱ्याची आणि तारणाऱ्याची, दोघांचीही मर्यादा राखली होती. आणि माणसांदेखत अविश्वासी ठरवून तिला कोणी परत पाठवलं, तर त्यांनीच. दुसऱ्या सकाळी ते पुनाला घेऊन बोरपाणीला गेले. झोपडीला काटेरी फांदी लावलेली. माणसं मजुरीला खाली तापीकाठी गेली होती. कुठे, ते शेजारणीला ठाऊक नव्हतं. भुरीबाई पुढे उपासनेला आलीच नाही. चैत्रात पाळकबाबांना अर्धांगाचा झटका आला; उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आता नाव घेता न येणं म्हणजे काय, ते त्यांना रोज कळत होतं.

ज्येष्ठात त्यांनी मला बोलावून घेतलं. डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी उशाखालून काढली. अक्षरं पोरासारखी वाकडी: "भुरीबाई, तुझं उत्तर पुरं होतं. मरियेचा मुलगा, एवढं बस. चूक माझी. नदीवर ये."

"तिला वा-चून दाखवा," ते म्हणाले. "मला... जाता येत नाही."

"शाळा लागली की पहिल्या रविवारी जाते," मी म्हणाले.

पहिल्या रविवारी अनेरला पूर होता. मग शाळेची तपासणी आली. मग थंडी, मग परीक्षा. ते चार वर्षं अंथरुणावर होते. मी गेले की भुवया उंचावत, एवढंच. मी म्हणे, "जाते हो." वर्ष उलटल्यावर ते भुवया उंचावेनासे झाले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते. १९३८ च्या आषाढात ते गेले. रजिस्टरात सातवी ओळ तशीच आहे, पुढचा तारखेचा रकाना कोरा.

पाळकबाबा, शिरपूरपर्यंत आता मोटार जाते. तिथून बोरपाणी किती, ते मी परवा एकाला विचारलं. तो म्हणाला, दीड तास चालायचं. चिठ्ठी माझ्या पेटीत आहे.