दामाजीने तीनदा हलवलेले खुंट

कोलशेतच्या खाडीत दामाजी कोळ्याचे खुंट होते. डोल लावायची तर आधी चिखलात लाकडी खुंट ठोकावे लागतात. त्यांना हे पिशवीसारखं जाळं बांधलं की ओहोटीचं पाणी त्यातून निघून जातं आणि म्हावरं आत राहतं. जागा बापाच्या वेळची. बोय, कोळंबी, नशिबात असेल तर एखादा जिताडा. त्यावरच घर चाललं.

मग वरच्या अंगाला रंगाची कंपनी आली. त्र्याऐंशी साली एका सकाळी डोल उचलली, तर आत मेलेली बोय, फुगून डोळे पांढरे झालेली, आणि वर जांभळा फेस. हाताचा वास आठ दिवस गेला नाही. बायको, सगुणा, ते हात ताटाजवळ येऊ देईना. गावकरी म्हणाले, कंपनीच्या दारात जाऊन बसू. पण दामाजी भांडणाला भिणारा. "कशाला उगाच? मी जागा बदलतो," म्हणाला आणि खुंट उपटून खालच्या अंगाला ठोकले. सत्त्याऐंशीत पुन्हा तेच. नव्वद साली तिसऱ्यांदा. त्यापुढे मात्र दुसऱ्या गावची हद्द. दुसऱ्याच्या पाण्यात खुंट ठोकणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर आपली हंडी चढवणं. उपाशी मरेल, पण कोळी ते करणार नाही. आणि ब्याण्णवच्या पावसाळ्यानंतर फेस या नव्या जागेवरही पोचला. भाऊबंदातला गुणाजी रोज येऊन सांगे, "काका, तुमी म्होरं झालाव तं आख्खा गाव येल." दामाजी 'बघू' म्हणे. त्याचं बघू म्हणजे नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

त्याच हिवाळ्यात त्याची धाकटी मुलगी शुभदा, अकरावीतली, डोंबिवलीला वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली. विषय होता, मानवाने परग्रहावर वस्ती करावी का? इस्त्रीचा सदरा घालून दामाजी ठाण्याच्या खोपट डेपोतून एसटीने तिच्याबरोबर गेला. मंचामागच्या पडद्यावर पाहतो तर कंपनीची खूण! अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण खाडीत सोडलेल्या पाइपावर तीच खूण तो रोज बघत होता. बक्षिसं कंपनीचीच. पहिल्या रांगेत कंपनीचा साहेब, अत्तराचा रुमाल नाकाशी धरून. दामाजीने तोंड फिरवलं.

मुलं बोलू लागली. मंगळावर काचेच्या घुमटात शेती, चंद्राभोवती फिरणारी गावं, वापरलेलंच पाणी गाळून पुन्हा प्यायचं. नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं! एकाने तर सांगितलं, पृथ्वी खराब झाली तरी माणसाने घाबरू नये. साहेब मान डोलावत होता. दारची खाडी धड ठेवता येत नाही, आणि निघाले मंगळ नासवायला! दामाजीला पचकन थुंकावंसं वाटलं.

मग शुभदा उठली. "माझे वडील कोळी आहेत," ती म्हणाली. "पाणी खराब झालं म्हणून ते रडत बसले नाहीत. तीन वेळा त्यांनी खुंट उपटले आणि पुढे नेले. माणसाने हेच करावं. इथे जमेना, तर पुढच्या ग्रहावर जावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात साहेब वाजवत होता. का नाही वाजवणार? दामाजी हलत राहिला, म्हणून तर त्याचा पाइप जागच्या जागी राहिला. इतकी साधी गोष्ट दामाजीला आत्ता कळली, आणि इतका वेळ साहेबाची येत होती ती शिसारी त्याला स्वतःचीच आली.

पहिल्या नंबरची ढाल घेऊन शुभदा धावत आली. "बाबा, कशी बोलले?"

"बेस बोललीस. पन मी खुंट म्होरं नेलं नाय गो पोरी, मी पलालो. तीनदा पलालो, आन तू त्याला शानपन म्हनलीस."

शुभदाचा चेहरा उतरला. तेवढ्यात साहेब हसत आला, अभिनंदनाला हात पुढे केला. दामाजीने तो घेतला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो कंपनीच्या माणसांपैकी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलला.

"साहेब, म्होरं पानी दुसऱ्या गावचं हाय. आता मी नाय हलनार. तुमी हला."