उपवासकाळात सोडलेलं चॅनल

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमधून आलो की आमच्या घरी जेवायला बसताना प्रत्येकाने सांगायचं, ईस्टरपर्यंत मी काय सोडणार. पप्पांनी तंबाखू सोडली. ती ते दरवर्षी सोडतात आणि आठवडाभरात पुन्हा धरतात. आईने गोड सोडलं. दादा मान खाली घालून जेवत राहिला. मी ठसक्यात म्हणाले, "मी जपानी चॅनल सोडते."

दिवसभर जपानी कार्टूनच दाखवणारं ते चॅनल. परदेशात लोक बघतात तेच आमच्या आगाशी गावातही दिसतं, याचा मला कोण अभिमान. बेटाबेटांवर पत्रं पोचवणाऱ्या एका मुलीची मालिका दादा आणि मी रोज संध्याकाळी बघायचो. पण पप्पांना दादा केळीच्या वाडीत हवा होता आणि त्याने परदेशी जाणाऱ्या बोटीवर नोकरी धरली. शब्दाने शब्द वाढला. "गेलो की परत येणार नाही," दादा म्हणाला, आणि मग घरात कोणाशी बोलेनासाच झाला. ईस्टरनंतर तो निघणार होता. त्याने परत यावं म्हणून मी माझं सगळ्यात आवडतं सोडलं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

संध्याकाळ झाली की माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. पडवीत येरझाऱ्या घालायचे, पाणी घातलेल्या झाडांना पुन्हा पाणी घालायचे, हातात जपमाळ आणि लक्ष आत. आत दादा टीव्हीचा आवाज बंद करून एकटाच बघत बसलेला. बोलणं जपानी, खाली इंग्रजी ओळी, त्या वाचायला त्याला आवाज लागतोय कशाला? माझ्या उपवासाची एवढी काळजी, तर टीव्हीच बंद कर ना. मला त्याचा भयंकर राग यायचा.

ईस्टरची मिस्सा आटोपून चर्चमधून आले आणि चप्पल न काढताच रिमोट उचलला. पडदा काळा. केबलवाल्याला फोन केला. "ते चॅनल कायमचं बंद झालं, ताई. आता नाही येणार."

देवाने मला फसवलं असं वाटलं. मी सोफ्यावर बसून रडले.

दादा शेजारी येऊन बसला. "ऐक," म्हणाला, आणि मालिकेची माझी राहिलेली गोष्ट सांगायला लागला. त्या मुलीचा आवाज काढून, तिच्या नावाड्याचा खोकला काढून. इतकं तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. आई दारात येऊन उभी राहिली. मग तो मध्येच थांबला.

"पुढे?"

"शेवटचा भाग काल होता. मी नाही पाहिला."

"वेडा आहेस का? बघून घ्यायचा ना."

"तुझ्याबरोबर बघायचा होता. सुट्टीवर आलो की शोधू कुठेतरी."

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, "सुट्टीवर कुठे येशील?"

"कुठे म्हणजे? घरी."