आखाडा ते डांबरी

आमच्या आखाड्यापासून डांबरी रस्ता एक किलोमीटर आहे. आखाडा म्हणजे शेतातला पत्र्याचा निवारा, बैलांचा अन् औजारांचा. उभी जिंदगी त्या वाटेनं गेलो, पण ती मोजली कधी न्हाई. बायको गेल्यावर सुनेला म्हणलं, मोज. तिनं मोबाइलवर मोजून दिली.

बायको कापूस वेचता वेचता खाली बसली. छातीला हात लावला. दुपार होती. फोन घरी चार्जिंगला राह्यलेला. गाडी बघायला मी रस्त्याकडं पळालो, जीव खाऊन पळालो. ओढ्यापाशी दम कोंडला, बसलो. उठलो, दहा पावलं गेलो, परत बसलो. गाडी घेऊन आलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण ती नव्हती.

मी रडलो न्हाई. लोक म्हणले, माणूस घट्ट आहे. घट्ट काही न्हाई. आतून काही येतच नव्हतं. भाकर पुढं आली की खायची, अंधार पडला की पडायचं. डोक्यात एकच राह्यलं, तेवढी वाट न बसता पळता येते का न्हाई. येत नसंल तर माझा इलाज नव्हता. येत असंल तर होता. ते मला बघायचं होतं.

म्हणून पळायला लागलो.

आमच्याकडं उगंच कोणी पळत न्हाई. माणूस पळताना दिसला म्हणजे साप चावला, गंजीला आग लागली, न्हाई तर कोणी गेलं. पहिल्याच दिवशी शेजारच्या शेतवाल्यानं मोटरसायकल आडवी घातली.

"आबा, काय झालं? कोण गेलं?"

"कोणी न्हाई."

"मंग पळून कामून राह्यले?"

"असंच."

"असंच कोणी पळतं का? बसा मागं, सोडतो."

"तू जाय."

तो गेला, पण सरळ गावात गेला. मी घरी पोचलो तर ओट्यावर चार माणसं येऊन बसलेली, तोंडं पाडून. कोण गेलं ते कोणालाच ठाऊक न्हाई. सुनेनं सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

सून शाळेत असताना तालुक्याच्या शर्यतीत पळालेली. ती डोक्यावर पदर घेऊन, हातात मोबाइल धरून बांधावर उभी राहायची.

"मामा, हळू पळा."

"हळूच जायचं तर चालत जातो की."

"सुरुवातीला हळू. पळता पळता बोलता आलं पाहिजे, इतकं हळू."

"बोलू कोणासंग?"

मी तसाच पुढं पळालो.

तिचं ऐकलं न्हाई. रोज सुरुवातीलाच जोर लावायचा अन् ओढ्यापाशी बसायचं. नवा बैल सकाळी ओढ घेतो अन् दुपारी चिखलात बसतो, हे मला बराबर ठाऊक. जन्मभर बैलं आवरली. सोताला आवरता येईना. पंधरा-वीस दिवसांनी कंटाळून तिच्या म्हणण्यानं निघालो. हळू, एकदम हळू, लाज वाटावी इतकं. ओढा आला अन् गेला. चढ आला. पायाखाली डांबर लागलं तेव्हा कळलं की बसलोच न्हाई. सून त्या दिवशी रस्त्याकडच्या बांधावर होती, तिथून काहीतरी ओरडली. मी रस्त्यावर उभा राह्यलो. बरं वाटलं न्हाई, वाईट बी वाटलं न्हाई.

सुनेनं परतूरच्या शर्यतीत नाव दिलं. म्हाताऱ्यांची, तीन किलोमीटरची. बहीण मला तोंडावर म्हणली, "बायकोचं वर्ष व्हायचंय अजून, अन् हा नवे बूट घालून शर्यतीला चालला."

"नवे न्हाईत. पोराचे जुने आहेत," मी म्हणलो. पोरगा जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये आहे. तिथं घालून घालून त्यानं टाकलेले ते बूट.

शिट्टी वाजली अन् सगळे म्हातारे सुटले, मागं कुत्रं लागल्यासारखे. मी मागं राह्यलो. पुढच्या वळणावर निम्मे कंबर धरून उभे होते. त्यांच्या बाजूनं हळूहळू निघालो. एक किलोमीटरच्या पाटीपाशी घड्याळवाला होता.

"नऊ मिनिटं, काका! झकास! चला, चला!"

मी थांबलो. सून पळत आली.

"मामा, छातीत दुखतंय का?"

"न्हाई. झालं माझं."

"अजून दोन किलोमीटर राह्यलेत."

"ते मला नको. एक किलोमीटरला किती वेळ लागतो, मला एवढंच बघायचं होतं."

मंग मी तिला सांगितलं. ओढ्यापाशी त्या दिवशी मी बसल्तो, दोनदा. किती वेळ, ते मला सांगता येणार न्हाई, पण लई वेळ. हे मी पोराला बी बोललो नव्हतो.

"हळू निघालो असतो तर बसलो नसतो," म्हणलं. "लवकर पोचलो असतो."

"अशा वेळी हळू कोण निघंल, मामा? मी असते तर मी बी जोरातच सुटले असते."

"तू न्हाई. तू पोचली असतीस."

तिनं तोंडाला पदर लावला. मी बाजूला उभा राह्यलो. मला काही आलं न्हाई. मागं पडलेले म्हातारे एकेक करून पुढं गेले. एक जण म्हणला, "चला की राव, उभे कामून?" मी त्याला हातानंच पुढं जा म्हणलं.

शेवटचा गेला. मंग आम्ही स्टँडकडं चालत निघालो. आमच्या गावाकडं जाणारी वाटूरची गाडी लागलेलीच होती.